चालणं म्हाताऱ्यांचं, धावणं पोट्ट्यांचं?

चालता-फिरता: काल इथं कोणीतरी लिहिलं, "वीस-बावीसच्या पोरांनी चालणं म्हणजे टाइमपास. दम लागला नाही तर तो व्यायामच नाही." डोकंच फिरलं. माझा भाचा हेच ऐकून जिमला गेला. दोन वर्षं खुर्चीवर बसून अभ्यास केलेला, अन् पहिल्याच दिवशी पन्नास बर्पी (खाली वाकून, पाय मागं टाकून, उठून उडी मारायचा व्यायाम). दुसऱ्या दिवशी भिंत धरून जिना उतरला. वर्षाची फी भरली होती, गेला चार दिवस. आता माझ्यासोबत नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा चढ चालतो. सहा महिने झाले, खाडा नाही.

भरतीवाला पोट्टा: काय सांगून राहिले काका! पोलीस भरतीत 1600 मीटर धावा लागते, चालून कोण घेते? जपानी संशोधक ताबाटाचा 1996 चा प्रयोग वाचा. 20 सेकंद जीव तोडून सायकल, 10 सेकंद आराम, असे सात-आठ फेरे. सहा आठवड्यांत दमसास वाढला अन् थोड्या वेळात जोर लावायची ताकदही. दुसरे बिचारे आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम गतीनं पायडल मारत होते, त्यांचा नुसता दमसास वाढला.

चालता-फिरता: ती पोरं शारीरिक शिक्षणाची होती, आधीच तयार. अन् आठवड्यातून एक दिवस त्या जीव तोडणाऱ्यांनीही अर्धा तास मध्यम गतीनंच सायकल मारली. ते काऊन नाही सांगत?

शिट्टीवाला (निवृत्त पीटी मास्तर): दोघंही अर्धे बरोबर, म्हणजे दोघंही चूक. शाळकरी पोरांचंच घ्या, 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल, त्यात आठवड्यातून तीन दिवस तरी चांगला दम लागेल असं काही. डब्ल्यूएचओचं 2020 चं सांगणं आहे. पण करायचं कुठं? तीस वर्षं माझा पीटीचा तास गणितवाले पळवत होते. "सर, पोर्शन राहिला." बरं, मैदान म्हणाल तर तिथं बारा महिने सेल नाही तर लग्न.

दोघांची आई: मास्तर, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं! आमच्या वस्तीतल्या मैदानावर सेल उठला, मंडपाचे खिळे तसेच. पोराच्या बुटाचा तळवा फोडून खिळा टाचेत गेला. मोजा रक्तानं चिकटून बसला होता, कोमट पाण्यात भिजवून काढला. धनुर्वाताचं इंजेक्शन, अन् दोन आठवडे घरी मोबाइल. घ्या व्यायाम.

मंडपवाला: मॅडम, त्या सेलमध्ये वीस घरं जेवतात. तुमची पोरं तशीही मोबाइलवरच असतात.

दोघांची आई: माझ्या पोरांवर बोलायचं काम नाही. खिळे उचलले असते तर मैदानातच असती.

भरतीवाला पोट्टा: हे मात्र खरं आहे. आमची ट्रॅकची जागा दिवाळीपासून बंद होती. पाच वाजता उठून रोडवर पळतो, मागं कुत्रे. स्प्रिंट आपोआप होते.

चालता-फिरता: बघा, यांचा कोच कोण ते कळलं! बरं बाबा, मानलं, भरतीला पळावंच लागतं. पण मे महिन्यात 45 च्या उन्हात नको.

भरतीवाला पोट्टा: मीही मानलं काका. तुमचा भाचा सहा महिने टिकला. माह्या बॅचचे निम्मे महिन्यातच गायब झाले. पण चढावर त्याला पळवा थोडं.

मंडपवाला: अन् ते खिळे आमचे नव्हतेच. आम्ही बांबू रोवतो.

दोघांची आई: मग खड्डे तुमचे.