मदत हवी आहे: पार्टीतल्या एका पत्रावरून तो दुखावलाय, कसं सावरू?

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबेल थोडं, पण पूर्ण वाचून सांगा.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. तो ग्वाल्हेरचा, तिथल्या लश्कर भागातल्या मराठी घरातला, नोकरीसाठी इथे आलेला. आमचं नवरात्रात जमलं, म्हणजे अजून चार महिनेही झाले नाहीत. घरी कुणाला माहीत नाही. शाळेपासूनच्या ग्रुपला मात्र दिवाळीनंतर सांगितलं.

हा ग्रुप दर वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीच्या संध्याकाळी, पतंग उतरले की एकाच्या अगाशीवर जमतो. गच्चीला आम्ही अगाशीच म्हणतो. उरलेलं ऊंधियुं, जिलबी, गप्पा. यंदा थीम निघाली ‘संस्थानी जोड्या’. नावं चिठ्ठ्या टाकून वाटायची ठरली होती. मला आली इंदिराराजे, त्याला ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि आमच्यातल्याच एकाला कूचबिहार संस्थानचे राजपुत्र जितेंद्र नारायण. या तिसऱ्याचं आणि माझं कॉलेजात सात-आठ महिने होतं. ग्रुपमध्ये सगळ्यांना ठाऊक, फक्त त्याला नाही. चिठ्ठ्या कुणी टाकल्याच नव्हत्या हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी गप्प बसले.

ज्यांना गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. इंदिराराजे ही सयाजीराव महाराज आणि चिमणाबाईंची लेक. तिचं लग्न माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. त्यांची पहिली पत्नी हयात होती, म्हणजे ही दुसरी राणी होऊन पडद्यात जाणार होती. १९११ च्या दिल्ली दरबारात तिची जितेंद्र नारायणांशी ओळख झाली आणि तिने घरच्यांना न सांगता थेट ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न मोडलं. वय १९. पुढे १९१३ मध्ये लंडनला तिने जितेंद्र नारायणांशी लग्न केलं, त्याला आईवडील गेले नाहीत. आम्ही बडोद्याच्या मुली ही गोष्ट अभिमानाने ऐकत मोठ्या झालो. ते पत्र ज्याच्या हातात पडलं, त्याला काय वाटलं असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

त्याने मात्र भूमिका मनावर घेतली. ग्वाल्हेरहून आजोबांची शिंदेशाही पगडी मागवली. जुन्या मलमलीत गुंडाळलेली, आतल्या अस्तरावर घामाचा पिवळा पट्टा अजून दिसतो. जयविलास महालात माधवरावांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरायची, डब्यातली काचेची बाटली उचलली की थांबायची. ती त्याने लहानपणी पाहिलेली. म्हणून मांडवीतून सेलवर चालणारी गाडी आणून तिला चंदेरी कागद लावला आणि प्रत्येक डब्यात तिळगूळ भरला. मांज्याने बोट कापलेलं होतं, पट्टी बांधलेल्या हाताने रात्री बसून त्याने कागद चिकटवला.

पार्टीत गाडी पिशवीतून निघायच्या आधीच एकीने माझ्या हातात पत्र दिलं. ते त्यांनी आधीच लिहून आणलं होतं. ‘ग्वाल्हेर सरकार, आपल्याशी लग्न करण्याची माझी इच्छा नाही’ अशी सुरुवात, आणि पुढे त्याच्या हिंदी वळणाच्या मराठीवर चार ओळी. ‘वाच, वाच’ सुरू झालं. मी वाचलं. सगळं, शेवटपर्यंत, हसत. मग मला ‘जितेंद्र नारायणां’शेजारी ढकललं आणि कुणीतरी बोलून गेलं, ‘खऱ्या जोडीचा फोटो घ्या.’

त्याला तेव्हा कळलं. काही बोलला नाही. पगडी तोवर सेल्फीसाठी या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत होती, ती त्याने मागून घेतली, मलमलीत गुंडाळली, सगळ्यांना ‘येतो’ म्हणाला आणि गेला. रात्री मेसेज आला, ‘बुरं नको मानू, थकलो होतो.’ आज चौथा दिवस. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. कालच्या मेसेजमध्ये एवढंच की पगडीवर जिलबीचा पाक सांडलाय, जरीपाशी डाग पडलाय.

मला त्याची माफी मागायची आहे, पण नुसतं सॉरी म्हणून भागणार नाही हे कळतंय. जुनं प्रकरण आता सांगितलं तर पकडली गेले म्हणून सांगतेय असं वाटेल का? ग्रुपशी आधी बोलू की त्याच्याशी? आणि तो डाग कशाने निघेल? त्या पगडीचं मला खरंच फार लागून राहिलंय.

प्रतिसाद: लश्करची लेक

अगं, आधी पगडीचं. ती धुवायची नाही, भिजवायची तर मुळीच नाही. बांधीव असते, पाण्याने आकार जातो आणि जुना रंग पसरतो. पाक साखरेचाच आहे, पाण्याने सुटेल. मऊ सुती कापड ओलं करून घट्ट पिळ, आतल्या बाजूला कडेला टेकवून कापडाला रंग लागतो का बघ. लागत नसेल तर डागावर नुसतं टिपत राहा. घासू नकोस, जरीला धक्का लावू नकोस. सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका, दमट राहिली तर जरीची तार काळी पडते. रंग लागला तर थांब आणि पगडी बांधणाऱ्या कारागिराकडे दे.

आता दुसरं. आमच्याकडची माणसं ‘थकलो होतो’ म्हणतात तेव्हा थकलेली नसतात. मेसेजवर बोलू नकोस, समोर जा.

प्रतिसाद: फतेगंजचा जुना रहिवासी

ताई, ग्रुप नंतर. आधी तो. जुनं प्रकरण पूर्ण सांगा, तो विचारील तेवढंच नको. मीही बाहेरून येऊन इथल्या ग्रुपमध्ये शिरलो होतो. लोक हसले याचं दोन दिवस वाटतं. आपलं माणूस त्यांच्यात बसून हसलं, ते राहतं. चिठ्ठ्यांचं तुम्हाला आधी कळलं होतं, तेही सांगा. ते लपवलंत तर बाकीच्याला अर्थ नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी सयाजीबागेत भेटलो. चिठ्ठ्यांपासून सगळं सांगितलं. कॉलेजचंही, किती महिने आणि का संपलं ते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पत्राचं नाही गं. त्यांनी लिहिलं, ठीक आहे. पण तू वाचत होतीस ना, तेव्हा एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘हो, नाही बघितलं’ एवढंच म्हटलं.

रात्री ग्रुपवर लिहिलं की त्याच्या बोलण्यावर लिहिलेल्या ओळी मी वाचायला नको होत्या आणि तुम्ही लिहायला नको होत्या. दोघी अजून बोलत नाहीयेत. ‘जितेंद्र नारायण’ने आपणहून त्याला फोन केला, काय बोलले मी विचारलं नाही.

लश्करच्या ताई, कापडाला रंग लागला नाही. आज दुपारी त्याच्या खोलीवर खिडकीपाशी बसून दोघांनी डाग टिपला. चिकटपणा गेला, जरीजवळ पुसटसा ठिपका राहिलाय. पगडी वाळेपर्यंत त्याने पिशवीतून गाडी काढली आणि फरशीवर रूळ जोडले. तिसऱ्या डब्यातला तिळगूळ उचलला तर ती थांबली नाही, तशीच पुढे गेली. चांदीच्या गाडीसारखी थांबवायला काय करावं लागेल ते तो आता शोधतोय. कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.