कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी कोणता पिकअप घ्यावा? मदत हवी आहे

आम्ही बेळगावजवळच्या खानापूरचे. सामानासह सुमारे १,८०० किलो भरणारा कॅरॅव्हॅन ट्रेलर (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) चोर्ला घाटातून गोव्याला नेण्याचा विचार असल्याने, टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस यांपैकी कोणता पिकअप घ्यावा, याबाबत अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. हायलक्सचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते, तर व्ही-क्रॉसचे १.९ लिटरचे इंजिन ३६०. मात्र मला चढापेक्षा उताराचीच धास्ती अधिक वाटते. (उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आपण हंगामात रोज पाहतो, पण त्यांचा वेग निराळा.) ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक बसवून आणि पिकअपच्या मागच्या हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार येईल असे सामान लावून व्ही-क्रॉसवर भागेल का? कर्नाटक पासिंगचा असा ट्रेलर कोणी नोंदवला असल्यास लागलेली कागदपत्रेही कृपया कळवावीत.