एकाची हिशोबपट्टी त्यालाच दाखवायची, तर वेबसॉकेट लागतंच का?

संत्री_सर्व्हर:
नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी वेबअ‍ॅप करतोय. काटोल-नरखेडकडचे ३०० शेतकरी त्याच्याकडे संत्रा आणतात. बोली सुटली, काटा झाला, की ज्याचा माल त्याच्याच स्क्रीनवर लगेच हिशोबपट्टी उमटायला पाहिजे. परवा चाचणीत घोळ झाला. आमच्या कोडने एकाची पट्टी जोडलेल्या सगळ्यांनाच वाटली. भाव लपवण्यासारखा नाही, बोली उघडच होते. पण पट्टीत हमाली, तोलाईसोबत उचल किती कापली तेही असतं. ते गावभर झालं असतं. नशीब, नावं खोटी होती.

आता वेबसॉकेटवर (ब्राउझर आणि सर्व्हरमधली कायम उघडी, दुहेरी जोडणी) प्रत्येक युजरची वेगळी खोली करतोय, ‘युजर_४२’ अशी. सॉकेट जोडलं की माणूस त्याच्या खोलीत, आणि पट्टी फक्त त्या खोलीत. माझं मत, याला वेबसॉकेटच पाहिजे. पटत नसेल तर बोला.

तर्री_वेगळी_द्या:
नाही पटत. वेबसॉकेट कायले पायजे राजा? ३०० जणांनी दर २० सेकंदांनी “माझं काही आलं का” विचारलं तर सेकंदाला १५ विनंत्या. एवढ्यात सर्व्हरले घाम नाही येत. आणि एकाचं दुसऱ्याला जायची भानगडच नाही, ज्याचं लॉगिन त्याचीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसले विचारणा. माल विकल्यावर शेतकरी पयले चहा पेते. २० सेकंदांनी त्याचं काय जाते?

संत्री_सर्व्हर:
चहा नंतर. आधी तो काट्याजवळ उभा राहून वजनावरून वाद घालतो, मोबाइल हातात धरून. पट्टी त्याला तेव्हाच पाहिजे. आणि उद्या ३००० झाले तर सेकंदाला १५० विनंत्या, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर “काही नाही”.

तर्री_वेगळी_द्या:
१५० बी काही नाही. ३००० होतीन तवा पाहू.

सरळ_एकमार्गी:
दोघंही टोकाला. शेतकरी त्या जोडणीवरून परत काही पाठवतो का? नाही ना, मग दुहेरी रस्ता कशाला बांधताय? सर्व्हर-सेंट इव्हेंट्स वापरा, म्हणजे सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकमार्गी सूचना. साधं एचटीटीपी आहे. तुटलं तर ब्राउझर आपणहून परत जोडतो आणि शेवटी मिळालेल्या घटनेचा क्रमांक हेडरमधून कळवतो, म्हणजे मधल्या राहिलेल्या पट्ट्या देता येतात. वेबसॉकेटमध्ये हे सगळं हाताने लिहावं लागतं.

मला दोन ठेचा लागल्या, त्या तेवढ्या वाचवा. एन्जिनएक्स (मध्ये बसलेला वेब सर्व्हर) उत्तर धरून ठेवायचा, त्यामुळे सूचना दहा-बारा एकदम पडायच्या. त्या पत्त्यापुरतं हे धरून ठेवणं, म्हणजे बफरिंग, बंद केलं तेव्हा सुरळीत झालं. आणि एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका डोमेनला सहाच जोडण्या देतो. आमच्या ऑफिसातल्या एकाने सात टॅब उघडले, सातवा नुसता फिरत बसला. अर्धा दिवस आम्ही डेटाबेसला शिव्या घालत होतो. एचटीटीपी २ लावा.

संत्री_सर्व्हर:
एन्जिनएक्स मलाही नडला. शांत बसलेलं सॉकेट बरोबर ६० सेकंदांनी तुटायचं. दर २५ सेकंदांनी पिंग (जोडणी जागी ठेवणारा छोटा निरोप) टाकतोय.

जुना_डीबीए:
नळ कोणता यावर भांडताय, पाणी कुठे साठवलंय ते कोणीच विचारत नाही. आधी सांगा, ‘युजर_४२’ मधला ४२ येतो कुठून? ब्राउझर सांगतो म्हणून घेताय का? मग कोणीही कन्सोल उघडून ४३ लिहील आणि शेजाऱ्याची उचल वाचेल. तो आकडा सर्व्हरने लॉगिनच्या सेशनमधूनच काढायचा.

दुसरं, उद्या सर्व्हरच्या चार प्रोसेस (त्याच प्रोग्रॅमच्या चार प्रती) चालवाल. शेतकरी एकीला जोडलेला, काट्याची नोंद दुसरीत. मग मध्ये रेडिस पब-सब येणार, म्हणजे एकीचा निरोप दुसरीला पोचवणारा मध्यस्थ. ते निरोप साठवत नाही. त्या क्षणी ऐकणारा नसेल तर निरोप गेला. माणूस काटोल रोडवर रेंजबाहेर असला की पट्टी गायब. म्हणून आधी टेबलात ओळ टाका: कोणाची, काय, कधी वाचली. नळातून फक्त “नवीन आहे, ये” एवढंच सोडा. बापाच्या मोबाइलवर वाचलेली पट्टी पोराच्या लॅपटॉपवर ‘न वाचलेली’ दिसणंही त्यानेच थांबतं.

तर्री_वेगळी_द्या:
म्हणजे शेवटी क्वेरीच ना! मी काय सांगून राहिलो होतो?

संत्री_सर्व्हर:
४२ ब्राउझरकडूनच घेत होतो, कबूल. आज रात्रीच बदलतो. टेबलही आधी करतो. पण पोलिंगवर (दर काही सेकंदांनी विचारत राहण्यावर) जात नाही.

सरळ_एकमार्गी:
आणि टॅबच बंद असेल तर? तिथे आपल्या तिघांचंही चालत नाही. सर्व्हिस वर्कर (साइट बंद असतानाही ब्राउझर जागवू शकतो असा कोड) आणि वेब पुश (त्याला येणारी सूचना) लागेल. आयफोनवर ते आयओएस १६.४ पासून चालतं, तेही साइट होम स्क्रीनवर टाकली असेल तरच.

तर्री_वेगळी_द्या:
काट्याजवळ आयफोन कितीक पाहिले बावा? एसएमएस पाठव ना सरळ.

संत्री_सर्व्हर:
एसएमएसचे पैसे कोण देईल, अडत्या? तो पट्टीत अजून एक कपात वाढवेल.