अपडेट घेतला, पण ज्यासाठी घेतला ते फीचर अजून ‘लवकरच’. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोन आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धाग्याचा आखाडा होईल. गणपतीच्या आदल्या आठवड्यात अँड्रॉइड १६ आलं. मी एरवी अपडेटच्या वाटेला जात नाही. चालतंय ना, मग चालू दे. पण जाहिरातीत म्हटलं होतं की कॉलवर समोरचा बोलेल ते पडद्यावर अक्षरांत उमटेल. आबांना श्रवणयंत्र लावून समोरासमोर भागतं, फोनवर मात्र निम्मं सुटतं. आत्याचा फोन आला की ते नुसतं "हां, हां" करतात आणि आत्याला वाटतं भाऊ रुसलाय.

दिवाळी उरकली. सेटिंग्जमध्ये त्या फीचरचं नाव दिसतं, पण फिकट, आणि खाली ‘लवकरच उपलब्ध’. जे नको होतं ते मात्र पहिल्याच दिवशी आलं. कॉल घ्यायला आधी बोट वर सरकवायचं, आता आडवं. आबांनी चार दिवस येईल तो फोन कापला.

कस्टमर केअरच्या चॅटवर "आपल्या संयमाबद्दल आभार" एवढंच. सर्व्हिस सेंटरचा मुलगा म्हणाला, "फॅक्टरी रिसेट मारून बघा."

रिसेट मारू का? की जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल?

ढगाळ दुपार:
रिसेट अजिबात नको! त्याने फोन कोरा होतो, आवृत्ती हीच राहते. वर यूपीआयची नोंदणी पुन्हा करा, व्हॉट्सॲपचा बॅकअप शोधा. फुकटचा व्याप.

फीचरचा कोड बहुधा फोनमध्ये येऊन पडलाय, पण त्याचं बटण कंपनीच्या सर्व्हरवर आहे. आधी थोड्या फोनांवर चालू करतात, गडबड दिसली नाही तर पुढच्यांना. देश आणि भाषेनुसारही अडवून ठेवतात. गुगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनांवर अँड्रॉइड १६ आलं १० जून २०२५ला, पण त्याचं गाजावाजा झालेलं नवं रूप मिळालं सप्टेंबरात. बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

प्ले स्टोअरमधून फोन ॲप अद्ययावत करा, आणि सेटिंग्जमध्ये ‘गुगल प्ले सिस्टीम अपडेट’ वेगळा असतो तोही बघा. कधी कधी गाडी तिथेच अडलेली असते.

कोरा कागद:
जुन्या आवृत्तीवर जायचा नाद सोडा. बहुतेक फोनांत बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होतानाचं कुलूप, उघडावं लागतं, त्यात सगळा डेटा जातो आणि नंतर बँकेची ॲप्स रुसतात. काही फोन तर मागे जाऊच देत नाहीत. आणि एक विचारतो, ते फीचर मराठीत येणार असं लिहिलंय का कुठे?

धागाकर्ता:
आत्ता बारीक अक्षरं वाचली. ‘निवडक भाषांत’. निवडक कोणत्या, ते नाही. आत्या तर सांगलीची, इंग्रजीत बोलायला लावू की काय तिला!

ढगाळ दुपार:
मग ते येईपर्यंत थांबू नका. घरात जुना फोन पडलाय का? त्यावर गुगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ हे बोललेलं अक्षरांत दाखवणारं ॲप टाका आणि भाषा मराठी निवडा. आबांचा फोन स्पीकरवर, हा शेजारी. एकाच फोनवर जमणार नाही, कॉल चालू असताना दुसऱ्या ॲपला माइक मिळत नाही.

धागाकर्ता:
कपाटातला फुटक्या काचेचा फोन काढला. नेट आधी बंद होतं, मग सुरू केलं. काल रात्री आत्याशी वीस मिनिटं बोलणं झालं. ‘भाकरी’चं ‘नोकरी’ उमटलं, त्यामुळे कोणाला नोकरी लागली यावर जरा घोळ झाला, पण आबांनी स्वतःहून दोन प्रश्न विचारले.

प्ले सिस्टीम अपडेट मार्चमध्येच अडकलेला होता, तोही केला. बटण अजून फिकटच. आता एकच सांगा, कॉल घ्यायची ती जुनी पद्धत कुठून परत आणायची?

कोरा कागद:
फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘इनकमिंग कॉल जेश्चर’ असं काही दिसतंय का बघा. तिथे ‘एकदा टॅप करा’ हा पर्याय असला तर तोच ठेवा, सरकवायची भानगडच नको.