मदत हवी आहे: गवती धावपट्टी बिल्डरच्या घशात चालली आहे

पश्चिमवारा
आमच्या पट्टीवर टाऊनहोम येताहेत. झोनिंगची, म्हणजे जमिनीचा वापर बदलायची, सुनावणी पुढच्या गुरुवारी आहे. सह्या गोळा करतोय, पण त्यापुढे काय? एफएएकडे (अमेरिकेची विमानवाहतूक यंत्रणा) तक्रार केली तर थांबतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. नुसती हळहळ नको, वेळ नाही.

आर्या_म
एफएए म्हणताय म्हणजे अमेरिका धरते. राज्य कोणतं? जमीन कुणाची? तुम्ही तिथे मालक, भाडेकरू की शेजारी?

पश्चिमवारा
अमेरिकाच. हँगर भाड्याने आहे, त्यात माझं छोटं सेसना १५० विमान. मालक वारले, मुलांना विकायचंय.

जुना_वैमानिक
एफएए विसरा. खासगी पट्टी बंद करायला त्यांची परवानगी लागत नाही. त्यांच्या नियमांतल्या भाग १५७ प्रमाणे कळवावं लागतं, पण साध्या गवती पट्टीला आधी कळवायचीही सक्ती नाही. फेडरल अनुदान घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. मालकांनी घेतलं होतं का?

शिकागोकर
अनुदानाचा फार आधार धरू नका. शिकागोचं मेग्ज फील्ड विमानतळ तर शहराचंच होतं. मार्च २००३ अखेर एका रात्रीत महापौरांनी धावपट्टीवर बुलडोझर घालून फुल्या खणल्या. आधी न कळवल्याबद्दल दंड किती, तर ३३ हजार डॉलर!

जुना_वैमानिक
अर्धीच गोष्ट सांगताय. विमानतळाचे पैसे त्या कामाला वापरले म्हणून शहराला १० लाख डॉलर परत करावे लागले. करारातले पैसे बोचतात, म्हणूनच विचारतोय.

नवशिका
प्रायव्हेट पायलट लायसन्सला किमान ४० तास लागतात. पण पहिल्यांदा मेडिकल करून घ्या, नाहीतर पैसे वाया.

आर्या_म
ते कुणी विचारलंय? पश्चिमवारा, जमीन सध्या शेतीच्या झोनमध्ये आहे का? तसं असेल तर गुरुवारची सुनावणी हीच तुमची खरी जागा. बोर्डाला विमानप्रेमाने पाझर फुटत नाही. सांडपाणी, शाळा, रस्त्यावरची वाहतूक यावर बोला, आणि शेजारच्या शेतकऱ्यांना सोबत न्या.

मातीपरीक्षक
माती तपासायला लावा! छोट्या विमानांच्या १००एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं. ते हवेत जाऊन आरोग्याला धोका होतो, असं ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संस्था) ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे म्हटलंय. जुनी इंधनटाकी पुरलेली असेल तर बिल्डर घाबरेल.

जुना_वैमानिक
कृपया हे करू नका. शिशाचा मुद्दा काढलात की उद्या तोच तुमच्या विमानावर उलटेल. कॅलिफोर्नियात सांता मोनिका विमानतळाच्या विरोधकांचं एक हत्यार तेच होतं. तिथे शहराला ३१ डिसेंबर २०२८ नंतर विमानतळ बंद करायची मुभा मिळाली आहे.

मातीपरीक्षक
मग तिथे राहायला येणाऱ्या मुलांचं काय? मी खरंच काळजीने लिहितोय.

घर_हवंय
मीही. लोकांना घरं नकोत का? चार-पाच विमानांसाठी एवढी जागा!

पश्चिमवारा
घरं हवीत, मान्य. पण सपाट, कोरडी, झाडं नसलेली जमीन बिल्डरला आयती मिळते म्हणून दरवेळी पट्टीच जाते. हँगरच्या भाड्यात मालकाचा प्रॉपर्टी टॅक्ससुद्धा धड निघत नाही. एकदा त्या गवताखाली गटाराचे पाइप पडले की पट्टी परत होत नाही.

इतिहासवेडी
अवांतर: वैमानिक लिंडबर्ग २० मे १९२७ ला जिथून पॅरिसला निघाला ते न्यूयॉर्कजवळचं रूझवेल्ट फील्ड १९५१ मध्ये बंद झालं. आता तिथे मॉल आहे. लंडनच्या जुन्या क्रॉयडन विमानतळाच्या जमिनीवर राउंडशॉ वसाहत आहे.

जुना_वैमानिक
वैमानिकांचा नकाशा, म्हणजे चार्ट उघडा. तुमच्या पट्टीच्या वर्तुळात 'आर' (फक्त खासगी वापर) अक्षर आहे का?

पश्चिमवारा
नाही. रिकामं मॅजेंटा वर्तुळ आहे.

जुना_वैमानिक
अहो, हे आधी सांगायचं! म्हणजे मालकी खासगी असली तरी पट्टी सार्वजनिक वापराची आहे. अशा पट्टीला अनुदान मिळू शकतं, आणि खासगी मालकाने ते घेतलं असेल तर निदान १० वर्षं चालू ठेवायचं बंधन येतं. उद्याच राज्याच्या विमानवाहतूक विभागाला फोन करून अनुदानाचे करार मागा. आणि काउंटीला विकायला मुलं तयार आहेत का, ते कुणी विचारलंय?

पश्चिमवारा
नाही विचारलं. थोरल्या मुलीचा नंबर आहे, आज रात्री करतो. राज्य ओहायो.