सोंड आहे, मग हा भुंगा रस पितो की कुरतडतो?

माडवाला, गुहागर
आमच्या वाडीतल्या एका माडाच्या बुंध्यातून तांबूस चिकट पाणी गळतंय. कान लावला तर आत कुरकुर. खाली तांबडा भुंगा मिळाला, दीड पेराएवढा, पुढे लांब सोंड. औषधवाला म्हणतो, सोंड आहे म्हणजे शोषतो, तुडतुड्याचं औषध मार. तात्या म्हणतात, "रस पिणारा कधी कुरकुरतो का रे?" कोण बरोबर?

जुना बागायतदार
तात्या. माझे दोन माड याच सोंड्याने नेले, तेव्हा मीही सोंडेला फसलो होतो. ती सुई नव्हे, लांबलेलं डोकं. टोकाला भिंग लाव, इवलेसे जबडे दिसतील, अडकित्त्यासारखे, पण आडवे मिटणारे. मादी त्यांनी भोक पाडून आत अंडी घालते. सोंडेवर केसांची कुंचली असेल तर तुझा नर आहे. कुरकुर मात्र अळीची. पाय नाहीत, सगळा जोर जबड्यात. बाहेरून फवारा मारून तिच्यापर्यंत काय पोचणार?
तुडतुड्याचे जबडे सुयांसारखे झालेत. मोहोरात खुपसून रस ओढतो, कुरतडणं त्याला जमायचंच नाही.

सुगरण, मालवण
कुर्ली साफ करताना तोंडावरची दोन फळकुटं उघडून बघा. ते पायच आहेत, जबड्याच्या कामाला लागलेले! त्यांच्यामागे आणखी जोड्या, सगळ्या मिळून सहा. एवढं करून दात पोटातही. आमचा नातू ते बघून कालवण खाईना.

माडवाला, गुहागर
मग गेंड्या भुंग्याचं शिंग कशासाठी? आमच्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या झाल्यात.

जुना बागायतदार
शिंगाचा खाण्याशी संबंध नाही. शेंड्यात घुसून कोवळी, न उलगडलेली पानं चावतो. पान उलगडलं की ती नक्षी दिसते. आधी त्याला तारेच्या आकडीने ओढून काढ आणि शेणखताचा ढीग उपस, त्याच्या अळ्या तिथेच वाढतात. त्याने केलेल्या जखमेत सोंड्या अंडी घालतो. तुझ्याकडे बहुतेक तसंच झालंय. गळणाऱ्या माडाला उशीर नको, भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचार.

माडवाला, गुहागर
उद्या जातो. भुंगा डबीत घेतलाय. तात्यांचं पंचांग वाचायचं भिंग लावून बघितलं, कुंचली आहे. म्हणजे मादी अजून वाडीतच.