मदत हवी आहे: काँक्रीटमध्ये ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) की ५०% स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी)? आयुष्यभराचा कार्बन हिशेब

रत्नागिरीत किनाऱ्याजवळ तळ + ३ मजले, कॉलम ४५०×४५० मिमी, एम३५ (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा). दोन मिक्स आहेत, घनमीटरला: (अ) ओपीसी ३८० किलो, (ब) ओपीसी १९० + जीजीबीएस (दळलेला स्लॅग) १९०. ओपीसीला किलोमागे ०.८५ आणि स्लॅगला ०.०७ किलो सीओटू धरला की घनमीटरमागे ३२३ आणि १७५ किलो येतात. काँक्रीट हवेतला सीओटू परत शोषतं म्हणून ‘अ’मधून २५% वजा करायचे आहेत. आयुष्य दोन्हींना ५० वर्षं. हे बरोबर आहे का?

उत्तर १
२५% फार होतात. शोषण होतं ते फक्त कार्बोनेशन (हवेतल्या सीओटूचा काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग) पोचलेल्या थरात. खोली = के × √वर्षं. के (कार्बोनेशनचा वेग दाखवणारा गुणांक) ३ धरला तर ५० वर्षांत २१ मिमी, म्हणजे तुमच्या कॉलमचा चारही बाजूंनी मिळून सुमारे १८% भाग. चुनखडी भाजताना सुटलेला वायू किलो सिमेंटमागे ०.४९, म्हणजे १८६ किलो. त्यातला त्या थरात ७५% परत जातो असं धरा: १८६ × ०.१८ × ०.७५ = २५ किलो. तुम्ही ८१ वजा करताय! प्लास्टर-रंग असेल तर आणखी कमी. ‘ब’लाही हेच सूत्र लावा, फक्त के जास्त आणि चुना कमी.

स्लॅग ट्रकने २५० किमीवरून आला तरी टन-किमीला ०.१ किलोने जेमतेम ५ किलो वाढतात. निकाल त्याने फिरत नाही.

उत्तर २
माझा आक्षेप ‘दोन्हींना ५० वर्षं’ यावर आहे. किनाऱ्यावर सळई गंजते ती मुख्यतः क्लोराइडमुळे, आणि नीट क्युरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) झालेल्या स्लॅग काँक्रीटमधून क्लोराइड बरंच हळू शिरतं. दोन्ही मिक्सची आरसीपीटी (क्लोराइड किती शिरतं त्याची चाचणी) ५६ दिवसांनी करा. २८ दिवसांना स्लॅगवर अन्याय होतो. ‘अ’ला मधेच दुरुस्ती लागणार असेल तर फोडकाम, मायक्रोकाँक्रीट, नवी सळई हे सगळं त्याच्या खात्यात टाका.

पण क्युरिंग चुकलं तर ‘ब’चा फायदा पृष्ठभागावरच संपतो, कारण कव्हरचा (सळईवरच्या काँक्रीटचा) थरच कच्चा राहतो. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) मिश्र सिमेंटला किमान १० दिवस क्युरिंग सांगतं, उष्ण-कोरड्या हवेत १४. सुरुवातीची ताकद हळू येते, म्हणून टेकू क्यूबची (चाचणीच्या ठोकळ्याची) ताकद पाहूनच काढा.

प्रश्नकर्ता
साइटवर पीपीसी (फ्लाय ॲश म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट) आलं तर स्लॅगचं प्रमाण तेच ठेवू?

उत्तर २
नको. पीपीसीत फ्लाय ॲश १५ ते ३५% आधीच असते. वर ५०% स्लॅग घातलात तर क्लिंकर (सिमेंटचा भाजलेला मूळ घटक) फारच कमी उरतो. ओपीसीच मागवा, आणि ०.८५ ऐवजी त्या कारखान्याच्या ईपीडीतला (उत्पादनाच्या पर्यावरणीय परिणामांच्या पत्रकातला) आकडा घ्या.